गुरुजी, आमसूल घातलंत का?

मी मूळचा लातूर जिल्ह्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक म्हणून दापोली तालुक्यातल्या एका गावात माझं सहावं वर्ष चालू आहे. बायको आणि मुलगी लातूरला, मी इथे दोन खोल्या भाड्याने घेऊन. त्यामुळे स्वयंपाक माझा मीच करतो. भाकरी येते, वरण येतं, शेंगदाण्याची चटणी येते. पण सुरण नावाचा कंद आमच्या घरात कधी आलाच नव्हता. कंद म्हटलं की आम्हाला रताळं आठवणार, तेही उपासाच्या दिवशी. म्हणून सुरण मला नीट शिजवता येईपर्यंत जे घडलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. टाचण काढायची सवय असल्यामुळे तारखा, वजनं आणि खर्च वहीत आहेत.

सुरुवात झाली 8 सप्टेंबर 2024 ला, ऋषीपंचमीच्या दिवशी. गणपतीच्या सुट्टीत मी त्या वर्षी गावी गेलो नव्हतो. घरमालकांच्या आजींनी जेवायला बोलावलं. आजींनी सत्तरी ओलांडली आहे, पण त्या अजून रोज परसात काम करतात. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून जे परसात हाताने लावलं तेच ताटात. ऋषीच्या भाजीत अळूची देठं, माठ, पडवळ, लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे असं सगळं होतं. त्यात एक पिवळसर फोड आली. बटाटा असेल म्हणून खाल्ली. बटाट्याहून घट्ट, किंचित रवाळ, आणि चवीला आमच्याकडच्या उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगेच्या जवळ जाणारी. मी विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या, "सुरण हाय तो, गुरुजी." मी आणखी दोनदा भाजी मागून घेतली. ती चव डोक्यातून गेली नाही.

पुढची नोंद 17 नोव्हेंबरची, रविवार. दापोलीच्या बाजारात एका भाजीवालीकडे मोठा गड्डा कापून ठेवला होता. साठ रुपये किलो. अर्धा किलोचा तुकडा तीस रुपयांना घेतला. तिने विचारलं, "करता येतो ना?" मी हो म्हणालो. तिथे नाही म्हणालो असतो तर तिने दोन मिनिटांत सगळं सांगितलं असतं. बाजारात अनोळखी भाजी घेताना विकणाऱ्या बाईला विचारायला संकोचू नका, एवढं मी आता आवर्जून सांगतो.

घरी येऊन मी तो तुकडा नळाखाली धरला, माती धुतली आणि ओल्या हातानेच साल काढायला बसलो. बटाट्याची काढतो तशी, पातळ. साल निम्मी निघेपर्यंत बोटांच्या बेचक्यात चुरचुरायला लागलं. मग मनगटापर्यंत. मला वाटलं, मातीचं काहीतरी असेल. पुन्हा पाण्याने हात धुतले, तर खाज आणखी वाढली. तरी फोडी केल्या, जिरं-मोहरीची फोडणी दिली, तिखट-मीठ घातलं आणि दहा-बारा मिनिटं परतलं. बाहेरून फोडी तांबूस झाल्या, सुरी आत गेली, म्हणून शिजल्या असं धरलं.

चार फोडी खाल्ल्या असतील. पहिल्यांदा काहीच नाही. मिनिटभराने जिभेच्या कडेला टोचायला लागलं आणि मग घशात, अगदी ज्वारी मळताना कुसळ घशात जावं तसं. गिळलं की टोचायचं, पाणी प्यालं की टोचायचं. घरात मी एकटाच होतो, आणि मला खरंच भीती वाटली. विषारी कंद तर नसेल, हा विचार आला. दोन पेले ताक प्यालो, चिंचेचा गोळा तोंडात धरून बसलो. रात्री नऊच्या सुमारास घसा निवळला. हाताची खाज मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती. मेडिकलमधून कॅलामाइन लोशन आणलं, त्याने थोडं शांत वाटलं.

माझं थोडक्यात निभावलं. पण असं कुणाला झालं आणि ओठ किंवा जीभ सुजायला लागली, श्वासाला अडचण वाटली, तर ताक-चिंच करत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.

सोमवारी वर्गात माझा आवाज बसलेला. मुलांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं. सहावीतली एक मुलगी लगेच उभी राहिली आणि तिने विचारलं, "गुरुजी, आमसूल घातलंत का?" मी नाही म्हणालो. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "हाताला तेल?" तेही नाही. तिसऱ्याने विचारलं, "पाणी टाकलंत?" ते काय असतं हेच मला माहीत नव्हतं. त्या तासाला मी विद्यार्थी होतो आणि बावीस मुलं मला शिकवत होती. मला त्याचं फार बरं वाटलं. शाळेत गप्प बसणारी दोन पोरंसुद्धा त्या दिवशी बोलली.

संध्याकाळी आजींना सांगितलं. त्या आधी काळजीत पडल्या, मग म्हणाल्या, "बाजारचा नको. आपला काढू तेव्हा समोर बसा. पान पडू दे."

पान पडू दे म्हणजे काय, ते पुढे बघायला मिळालं. सुरणाला जमिनीवर एकच पान असतं. जाड ठिपकेदार दांडा आणि वर छत्रीसारखं फाटलेलं, पसरलेलं पान. पावसाळाभर ते हिरवंगार उभं असतं. थंडी लागली की पिवळं पडतं, दांडा मऊ होतो आणि एके दिवशी आडवा होतो. तेव्हा खालचा गड्डा तयार झाला असं समजायचं. आजींच्या परसातलं पान नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आडवं झालं.

1 डिसेंबर, रविवार. सकाळी आठला आजींचा मुलगा कुदळ घेऊन आला. दांड्याच्या जागी काठी रोवून ठेवली होती, नाहीतर पान कुजल्यावर जागाच सापडत नाही. हातभर लांबून गोल खणत आत यायचं, एकदम मधे कुदळ घालायची नाही. तरी एका बाजूला कुदळ लागलीच. गड्डा वर आला तेव्हा मी पहिल्यांदा अख्खा सुरण पाहिला. काळपट तपकिरी, खरबरीत, अंगावर वळ्या आणि तुटलेल्या मुळांचे फुटवे. खालून फुगीर, वरून बशीसारखा खोलगट, आणि त्या खोलग्याच्या मधोमध गुलाबीसर कोंब, बोटाच्या पेराएवढा. कुदळ लागली तिथे आतला गर दिसत होता, फिकट गुलाबी. बाजूला सुपारीपासून लिंबाएवढी पाच-सहा पिल्लं चिकटलेली होती, ती आजींनी बियाण्यासाठी वेगळी काढली. रेशन दुकानाच्या काट्यावर गड्डा भरला चार किलो तीनशे ग्रॅम. या गड्ड्याने जमिनीत दोन पावसाळे काढले होते.

मला वाटलं, आता शिजवायचा. आजींनी जखमेवर चुलीतली राख चोपडली, गड्डा पडवीत गोणपाटावर ठेवला आणि म्हणाल्या, "तीन आठवडे हात लावायचा नाय. ताजा जास्त खाजतो. मुरू दे." ओल लागू द्यायची नाही, फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, वारा लागला पाहिजे. दोन गड्डे असतील तर एकावर एक रचायचे नाहीत, हेही त्यांनी सांगितलं.

कुदळीने उडालेली एक कपची मी कागदात घेऊन शाळेत नेली. आमच्या विज्ञानाच्या कपाटात एक सूक्ष्मदर्शक आहे. कांद्याचा पापुद्रा बघण्यापलीकडे तो फारसा बाहेर निघत नाही. 2 डिसेंबरला चौथ्या तासाला मी हाताला तेल लावून कपचीचा थोडा गर सुईने खरवडला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरला, वर आच्छादन काच ठेवली. शंभरपट मोठं करून बघितलं तर आधी नुसत्या पेशी आणि पिठूळ कण. काचपट्टी थोडी सरकवली आणि मग दिसल्या. सुयांच्या जुड्या. दाभणासारख्या दोन्ही टोकांना निमुळत्या, एकमेकींना चिकटून जुडगा केलेल्या, आणि काही सुट्या होऊन विखुरलेल्या. सतराव्या तारखेला माझ्या घशात काय टोचत होतं, ते मी डोळ्यांनी पाहत होतो. मुलांनी रांग लावली. मधली सुट्टी झाली तरी रांग हलली नाही.

हे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. अळूच्या पानात असतात, अळकुडीत, म्हणजे अळूच्या कंदात असतात आणि सुरणात भरपूर असतात. सुरण अळूच्याच कुळातला. पण मला एक प्रश्न पडला होता. हे स्फटिक पाण्यात विरघळत नाहीत, उकळल्याने वितळतही नाहीत. मग आजींच्या भाजीतला सुरण का खाजला नाही? याचं उत्तर मला पुढे मिळालं, तेव्हा सांगतो.

तीन आठवडे वाट पाहणं मला जड गेलं. येता-जाता पडवीत नजर जायची. दरम्यान मी आमसुलं घेऊन ठेवली, पाव किलो, शंभर रुपये. काळपट, लवचिक, बोटाला चिकटणारी घ्यायची. कडक वाळकी जुनी असतात आणि त्यांना आंबटपणा कमी असतो.

22 डिसेंबर, रविवार. आदल्या रात्री एक वाटी काळे वाटाणे भिजत घातले होते. सकाळी नऊला आजी आल्या त्या विळी घेऊनच. माझी सुरी त्यांनी बाजूला ठेवली.

पहिली गोष्ट, गड्डा धुतला नाही. कोरड्या नारळाच्या शेंडीने घासून माती झाडली. दुसरी गोष्ट, दोघांनी कोपरापर्यंत खोबरेल तेल लावलं, नखांच्या कडांनाही. तिसरी गोष्ट, सगळा गड्डा सोलला नाही. वरचा कोंबाचा भाग बशीएवढा जाड कापून बाजूला काढला, त्याला राख लावली आणि म्हणाल्या, "ह्यो लावायचा." मग कडेचा साधारण अर्धा किलोचा वेढा कापला. उरलेल्या गड्ड्याच्या कापलेल्या तोंडाला पुन्हा राख, आणि पुन्हा गोणपाटावर. असं केलं की कापलेलं तोंड सुकून पापुद्रा धरतं आणि उरलेला गड्डा पुढे पुरवून वापरता येतो. आमचा जानेवारीच्या शेवटापर्यंत पुरला.

आता साल. मी नोव्हेंबरमध्ये पातळ काढली होती. आजींनी काढली ती करंगळीएवढी जाड. मला वाया जातंय असं वाटलं आणि मी तसं म्हणालोही. त्यांनी सालीच्या आतली बाजू मला दाखवली. सालीला लागून एक हिरवट-तांबूस पट्टा असतो, तो संपून एकसारखा गर लागेपर्यंत आत यायचं. विळीवर त्यांचा हात असा फिरत होता की तुकडा वळत होता आणि पातं जागच्या जागी. मी माझा वाटा अर्ध्या वेगाने केला. हाताला थोडी चुरचुर झाली, पण पहिल्या वेळच्या मानाने काहीच नाही. चुरचुर झाली तर पाण्याला हात लावायचा नाही. आधी आमसूल किंवा चिंच चोळायची, मग कोरड्या फडक्याने पुसायचं आणि शेवटी साबण.

फोडी सुपारीहून जरा मोठ्या. एका पातेल्यात त्या बुडून वर चार बोटं येईल इतकं पाणी, दोन चमचे मीठ, सात आमसुलं. त्यात फोडी अर्धा तास. हे पाणी फेकलं. मग नवीन पाणी, नवीन पाच आमसुलं, चिमूटभर हळद, आणि गॅसवर. उकळी फुटल्यावर मध्यम आचेवर झाकण ठेवून पंचवीस मिनिटं. आंबटात कंद लवकर मऊ होत नाही, म्हणून वेळ जास्त धरायचा. वीस मिनिटांनी मला वाटलं झालं. आजींनी एक फोड काढून दोन बोटांत दाबली. ती दबली, पण मधे गाठ लागली. "अजून." पुढच्या पाच मिनिटांनी फोड बोटांत लोण्यासारखी पसरली. तेव्हा त्यांनी गॅस बंद केला आणि सगळं पाणी मोरीत ओतलं. मुलं म्हणत होती ते "पाणी टाकणं" हेच.

भाजी अशी केली. काळे वाटाणे कुकरला पाच शिट्ट्या, आमसूल न घालता, कारण आंबटात वाटाणे शिजत नाहीत. पाव नारळाचं ओलं खोबरं आणि एक कांदा तेलावर तांबूस भाजून, दोन लवंगा, चार मिरी, चमचाभर धणे घालून वाटण. फोडणीत लसूण, त्यावर घरचा मसाला दोन चमचे, मग वाटण. तेल सुटल्यावर वाटाणे त्यांच्या पाण्यासकट, वरून सुरणाच्या फोडी, मीठ, आणि पुन्हा तीन आमसुलं. दहा मिनिटं मंद उकळी. दोन-तीन माणसांना पुरेल इतकी होते.

ताट वाढलं आणि माझा हात थांबला. घसा आठवत होता. आजींच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी एक फोड बशीत घेऊन मला सांगितलं, की अर्धी जिभेच्या टोकावर चावा, गिळू नका आणि पाच मिनिटं बसा. मी घड्याळ लावून बसलो. पाच मिनिटं, मग दहा. काही नाही. मग जेवलो. तांदळाच्या भाकरीशी आम्ही दोघांनी पातेलं संपवलं. ऋषीच्या भाजीतली तीच चव, पण इथे खोबऱ्याच्या वाटणात ती भरदार लागत होती. जेवण झाल्यावरही मी अर्धा तास गिळून गिळून घसा तपासत होतो. आजी ओटीवर सुपारी कातरत बसल्या होत्या.

ही चाखून बघायची रीत नवशिक्याने सोडू नये. प्रत्येक गड्डा वेगळा असतो. टोचलं तर पातेलं पुन्हा चुलीवर चढवायचं, आणखी आमसूल घालून, आणखी पंधरा मिनिटं.

दोन शिजलेल्या फोडी मी डबीत घालून सोमवारी शाळेत नेल्या. पुन्हा काचपट्टी, पुन्हा सूक्ष्मदर्शक. पेशी फुटून पीठ पसरलेलं होतं, आणि त्या पिठात सुया होत्याच. पहिल्यापेक्षा विखुरलेल्या, पण होत्या. मुलं गोंधळली, मीही. मग वाचत गेलो. अळूवर्गातल्या कंदांवर जो अभ्यास झाला आहे त्यावरून असं दिसतं, की खाज एकट्या सुयांची नसते. सुया टोचून बारीक छिद्रं पाडतात आणि त्यांच्या जोडीला असणारं एक प्रथिन तिथे दाह करतं. उष्णतेने हे प्रथिन बिघडतं. म्हणजे सुया राहिल्या तरी त्यांची धार बोथट झाल्यासारखं होतं. माझी नोव्हेंबरची चूक मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळली. आमसूल नव्हतं हे खरंच, पण मुख्य म्हणजे फोडी आतून शिजल्याच नव्हत्या. त्यामुळे माझं मत असं झालं आहे, की आमसुलाच्या भरवशावर शिजवण्यात कसर करू नये. आंबट हवंच, पण आधी गाठ मोडेपर्यंत शिजवणं.

पाणी टाकण्याचा आणखी एक फायदा आहे. सुयांखेरीज थोडं ऑक्झलेट पाण्यात विरघळणारंही असतं, ते त्या पाण्याबरोबर जातं. तरीही ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावं. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यांना तो त्रास आहे. मी डबा पुढे केला तेव्हा त्यांनी वास घेतला आणि परत दिला. उलट आयुर्वेदात सुरणाला अर्शोघ्न म्हणतात, म्हणजे मूळव्याधीवर गुणकारी. गावात अजून बरेच लोक त्यासाठी हिवाळ्यात तो आवर्जून खातात.

5 जानेवारीला काप केले, या वेळी एकट्याने. अर्धा बोट जाडीचे तुकडे, आमसुलाच्या पाण्यात उकळून बारा मिनिटं, पाणी टाकून निथळत ठेवले. मग आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, दोन चमचे, हळद, तिखट, मीठ, हिंग चोळून वीस मिनिटं. तांदळाचं पीठ आणि बारीक रवा निम्मं निम्मं, त्यात घोळवून तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून एका बाजूने आठ मिनिटं, उलटून झाकण काढून सहा मिनिटं. आच मोठी केली की रवा जळतो आणि आतला गर तसाच राहतो, एक काप माझा तसा गेला. बाकीचे डब्यात नेले. सहावीच्या त्या मुलीने एक खाल्ला, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "आता आलं."

26 फेब्रुवारी, महाशिवरात्र. तोवर गड्डा संपला होता, आजींनी दुसरा लहान दिला. सकाळी आईला फोन केला, की उपासाला सुरण करतोय. आई म्हणाली, "चालतंय का रे उपासाला?" कंद आहे, इथे सगळे खातात, म्हटलं. बाकी पद्धत तीच. आमसुलाच्या पाण्यात पूर्ण शिजवून, पाणी टाकून, तुपात जिरं आणि हिरवी मिरची, त्यावर फोडी, मीठ, चिमूट साखर आणि शेंगदाण्याचं कूट. कूट लातूरहून आलेल्या शेंगदाण्यांचं होतं. साबुदाण्यापेक्षा ही भाजी मला पोटाला फार बरी वाटली. संध्याकाळपर्यंत भूक लागली नाही.

फोनवर आईला इतकं सांगितलं होतं, की तिला तो कंद बघायचाच होता. होळीला जोडून सुट्टी आली तेव्हा 13 मार्चला निघालो. पिशवीत सव्वा किलोचा गड्डा वर्तमानपत्रात गुंडाळून, दापोली ते पुणे एसटीने, तिथून लातूर दुसऱ्या एसटीने. शनिवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात मी आईला तेल लावायला लावलं, तेव्हा ती म्हणाली, "फणस कापायलोय का आपण?" आमच्याकडे आमसूल नसतं. तिने चिंचेचा कोळ घेतला, लिंबाएवढ्या चिंचेचा, आणि काम अगदी तसंच झालं. वाटणात खोबरं कमी, काळा मसाला आणि दाण्याचं कूट जास्त. वडिलांनी पहिला घास घेतला आणि मी सांगितल्याप्रमाणे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. पाच मिनिटांनी त्यांनी काही न बोलता भाकरी मोडली. माझ्या मुलीने तीन फोडी खाल्ल्या. तिला बटाटा म्हणून काही दिलेलं नव्हतं, सुरण म्हणूनच दिलं होतं.

एप्रिलमध्ये आईने तिकडच्या बाजारातून स्वतः आणला. मोठा, गुळगुळीत, आतून पिवळसर पांढरा. असे गड्डे बाजारात येतात ते बहुधा "गजेंद्र" जातीचे, ही जात मूळची आंध्र प्रदेशातली. याला पिल्लं जवळजवळ येत नाहीत आणि तो कोकणातल्या गुलाबी सुरणापेक्षा बराच कमी खाजतो. शहरात राहून पहिल्यांदा करणाऱ्याने यानेच सुरुवात करावी. निवडताना गड्डा दाबून बघायचा. कुठे मऊ लागला, किंवा कापलेलं तोंड ओलसर काळं दिसलं, तर घ्यायचा नाही. आईने तरीही तेल लावलं, चिंच घातली आणि पाणी टाकलं.

27 एप्रिलला, उन्हाळी सुट्टीवर निघण्याआधी, डिसेंबरपासून पडवीत राख लावून ठेवलेला तो कोंबाचा तुकडा आजींनी बाहेर काढला. सुकून आक्रसला होता, पण मधला कोंब जिवंत होता, टोकाला हिरवट झाला होता. परसाच्या कडेला हातभर खोल खड्डा मी खणला. तळाला शेणखत, वर पालापाचोळा, मग कोंब वर करून तुकडा ठेवला आणि माती ओढली. खूण म्हणून आजींनी वर करवंटी पालथी घातली.

16 जूनला शाळा उघडली. दोन दिवस आधी मी परत आलो तेव्हा पाऊस लागला होता. पिशवी ओटीवर टाकून आधी परसात गेलो. करवंटी एका बाजूला ढकलली गेली होती आणि तिच्या जागी गुडघ्याएवढा दांडा उभा होता, हिरवा, पांढरट ठिपक्यांचा, टोकाला छत्री अजून पूर्ण उघडायची होती. आजी मागून आल्या. मी विचारलं, डिसेंबरात काढायचा का? त्या म्हणाल्या, "औंदा नको. अजून एक पावसाळा घेऊ दे त्याला."